मी ज्याला शाल घातली तो उद्योजक

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी अंगणात चार फेऱ्या मारल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही. खुनाचे तपास केले, दरोड्यांचे केले, त्यांनी मला असं कधी छळलं नाही.

तेव्हा मी आंबेगाव तालुक्यात ठाण्याचा प्रभारी होतो. शनिवारची सकाळ होती. हजेरी आटोपून मी स्टेशन डायरीवर सही करत होतो, तेवढ्यात मंचरच्या बाजारपेठेतले एक शेठ आत आले. घराणं राजस्थानी जैन, पण तीन पिढ्या इथल्याच. भांड्यांचं दुकान, शिवाय शाळांच्या ढाली आणि स्मृतिचिन्हंही ते करून देत. खुर्ची पुढे केली तरी बसेनात.

"साहेब, माझं नाव कुठं येता कामा नाय," ते म्हणाले. "त्या हरितगृहाच्या कंपनीचे मालक हायेत ना, त्यांचे सगळे पुरस्कार माझ्याच दुकानात तयार व्हत्यात. दिल्लीचा म्हणून पेपरात आला, तो सुद्धा. मजकूर तेच लिहून आणत्यात आन् न्यायलाबी तेच येत्यात."

"स्वतःचा सत्कार करून घेणं हा काही गुन्हा नाही, शेठ."

"ते मलाबी कळतं. पण महाळुंगे पडवळच्या एका बाईंची तीन एकर जमीन सोमवारी तो परस्पर विकतोय. दस्त लिहिणारा माझ्या शेजारीच बसतो. बाईंना वाटतंय, जमीन भाड्यानं दिलीय. त्यांच्या लेकीच्या लग्नातली भांडी माझ्याकडचीच. मला घास गिळंना, साहेब."

हातात शनिवार-रविवार होते. आमच्या जुन्या हवालदारांनी मोबाइलवर त्या माणसाची माहिती काढली. परदेशात शिक्षण, दोन कंपन्यांचा संस्थापक, तज्ज्ञांचं सल्लागार मंडळ, मुलाखती, पुरस्कार. वाचताना हवालदारही थोडे दबले. पण आम्ही एकेक धागा ओढायला लागलो. पेपरातली बातमी पुरस्कारावर उभी होती आणि पुरस्काराच्या मानपत्रात त्याच पेपराची बातमी छापली होती. सल्लागार म्हणून दिलेले पुण्याचे एक प्राध्यापक फोनवर म्हणाले, "कृषी प्रदर्शनात एकदा हात मिळवला होता त्यांनी. एवढीच ओळख."

दुपारी त्याला चौकशीला बोलावलं. पांढराशुभ्र शर्ट, आवाज मऊ. पोलिसांसमोर खरा माणूस निदान थोडा तरी गडबडतो, हा मुळीच गडबडला नाही. प्रत्येक प्रश्नाला त्याचं उत्तर म्हणजे मोबाइलमधला एखादा फोटो. अमक्या पुढाऱ्याबरोबर, तमक्या अधिकाऱ्याबरोबर. शेवटी त्याने एक फोटो माझ्यापुढे सरकवला.

ओझर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयातला कार्यक्रम होता तो. त्याच्या अंगावर शाल होती आणि ती घालणारा मी होतो. मुख्य पाहुणे आले नाहीत म्हणून आयोजकांनी मला पुढे केलं होतं. ठाण्याच्या प्रमुखाला अशी आमंत्रणं कायम येतात. मी शाल घातली, नारळ दिला, फोटोवाल्याने सांगितलं म्हणून खांद्यावर हात ठेवला आणि चहा पिऊन परत आलो. त्याचं नावसुद्धा मी पत्रिकेवरून वाचलं होतं.

"साहेब, तुम्ही तर मला ओळखता," तो हसून म्हणाला.

मला संताप आला आणि त्याहून जास्त लाज वाटली. फोटो बाजूला सारून मी विचारलं, "तुमच्याकडे काम करून सोडून गेलेल्या एका माणसाचं नाव सांगा. भांडून गेलेला असला तरी चालेल."

पहिल्यांदाच तो अडखळला. "आमच्याकडून कुणी जात नाही," म्हणाला.

खरा धंदा केलेल्या माणसाच्या मागे नाराज झालेला भागीदार असतो, सोडून गेलेला कामगार असतो, नावं ठेवणारा शेजारी असतो. याच्या मागे नुसत्या टाळ्या होत्या. तेवढ्यात हवालदारांनी शांतपणे कंपनीच्या 'कामकाज प्रमुखा'चा नंबर लावला आणि फोन वाजला तो या गृहस्थाच्याच बॅगेत. मग त्याने पाणी मागितलं, वकिलाला बोलावलं आणि तोंड बंद केलं.

पण एवढ्याने जमीन वाचत नव्हती. बाईंनी भाड्याचा कागद समजून सही केलेलं, जमीन विकायचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र त्याच्याकडे होतं. त्या स्वतः फिर्याद देत नाहीत आणि ते पत्र रद्द करत नाहीत, तोवर सोमवारचा दस्त थांबणार नव्हता. त्याला जाऊ द्यावं लागलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

रविवारी सकाळीच महिला पोलीस अंमलदाराला घेऊन मी महाळुंग्याला गेलो. बाई साठीच्या, विधवा, शेतात मिरच्या तोडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना.

"जमीन भाड्यानं दिलीय मी. तुमाला कुनी भरवलं ह्ये?" असं म्हणत त्यांनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला. त्यावर तोच फोटो. "सही करायला मी आधी तयार न्हवते. तवा त्यानं ह्यो फोटू दावला. म्हनलं, फौजदारसायबांनी शाल घातलीय, मंग भ्यायचं कशाला?"

"आक्का, मी त्याला ओळखत नव्हतो."

"वळखत न्हवता, मंग खांद्याव हात कशापायी ठिवला?"

तीस-बत्तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारत आलो. त्या बांधावर प्रश्न मला होता. आयोजकांचं नाव पुढे करता आलं असतं, पण मी केलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "न बघता ठेवला."

बाईंनी मोबाइल परत पिशवीत ठेवला. मिरच्यांच्या पोत्याचं तोंड बांधलं, पदराने हात पुसले. "आता जमीन ऱ्हाती का जाती, तेवढं सांगा."

"उद्या कचेरी उघडताना माझ्याबरोबर आलात, तर राहते."

त्या आल्या. दुय्यम निबंधकांच्या दारात आम्ही शिपायाच्याही आधी उभे होतो. कुलमुखत्यारपत्राचा रद्दलेख झाला, ठाण्यात फिर्याद नोंदली गेली. तो खरेदीदाराला घेऊन आला तेव्हा उशीर झाला होता. बाईंना बघून तो तसाच मागे फिरला; आमच्या लोकांनी त्याला कळंबजवळ गाडीतून उतरवलं. मी साक्षीदार ठरत होतो, म्हणून तपास दुसऱ्याकडे द्यावा असं वरिष्ठांना लिहिलं आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान अधिकाऱ्यापुढे बसून जबाब दिला.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी मला बरोबर कोंडीत पकडलं. "तेव्हा तुम्ही त्याचा सत्कार केलात, आज त्याला लबाड म्हणता. मग तुमच्या शब्दावर कोर्टाने विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नये," मी म्हणालो. "कागद तपासावेत."

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. मोठ्या माणसाची पारख करताना त्याच्या शेजारी कोण उभं आहे हे पाहून भागत नाही, कारण शेजारी उभा असलेला माझ्यासारखा असू शकतो. त्याला सोडून कोण गेलं आणि का गेलं, ते शोधावं लागतं.

जमीन बाईंकडेच आहे. गावात कुणी नवा संस्थापक, नवी कंपनी आली की त्यांचा मला फोन येतो. आधी माझी तब्येत विचारतात, मग म्हणतात, "सायब, मानूस बरा हाय म्हनत्यात. पर तुमी सोता बघितलंय का?"

बहुतेक वेळा मला 'नाही' म्हणावं लागतं, आणि मी ते म्हणतो.