रिकाम्या ताटांचं जेवण

गाडी सुटायला पाच मिनिटं राहिली तेव्हा बाबा खिडकीचे गज धरून म्हणाले, "कुणी जेवायला बोलावलं तर दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं." नागपूर स्टेशनवर बाकीचे वडील मुलींना सामान सांभाळायला सांगत होते आणि आमचे बाबा मला पंगतीतलं वागणं शिकवत होते. आई त्यांच्यामागे उभी राहून डब्यावर लावलेल्या यादीत माझं नाव पुन्हा पुन्हा वाचत होती. मला हसूही येत होतं आणि रागही. तेवीस वर्षांची इंजिनीयर होते मी, नोकरीसाठी बंगलोरला निघालेली. जे नागपुरातच राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. पुढे जे झालं ते मी इतकी वर्षं धड कुणाला सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकात आमचं ऑफिस होतं ती इलेक्ट्रॉनिक सिटी म्हणजे गावाबाहेरच. कंपनीच्या बसनं तासभर जायचं, तासभर यायचं. ऑफिसात हिंदी-इंग्लिश, खोलीवर आम्ही तिघी मराठी मुली, आणि घरमालकीणबाई दारात दिसल्या की कानडीत विचारणार, "ऊट आयता?" जेवण झालं का, असा त्याचा अर्थ, पण ते नुसतं नमस्कारासारखं असतं. हो म्हणायचं आणि पुढे चालायचं. मला ती सोय फार आवडली होती. घरी एक पोळी कमी खाल्ली तरी चौकशी व्हायची.

वर्षभरानं आम्हा बाराजणांना इंग्लंडला पाठवायचं ठरलं आणि तिकडे लाज जाऊ नये म्हणून कंपनीनं टेबल मॅनर्सचा वर्ग लावला. शिकवायला मिसेस रॉड्रिग्ज यायच्या. हॉटेलातून निवृत्त झालेल्या, कडक इस्त्रीच्या बाई. दर गुरुवारी दुपारी मीटिंगच्या खोलीत पांढरी चादर घातलेलं लांब टेबल, त्यावर बारा प्लेटी, काटे, सुऱ्या, ग्लास. आणि खायला काहीही नाही. अन्न समोर आलं की माणूस अन्नाकडेच बघतो, आधी हातांना शिकू द्या, असं त्यांचं म्हणणं. त्या म्हणत, सूप, आणि आम्ही रिकाम्या वाडग्यातून सूप प्यायचो. त्या म्हणत, चिकन. माझ्यासारखी शाकाहारी मुलगीही ते कापायची, चावायची, शेजाऱ्याशी हवापाण्याबद्दल बोलायची. चावून झालं की गिळायचंही. गळा हललेला दिसला पाहिजे, नाहीतर यजमानांना वाटेल की पदार्थ आवडला नाही.

टेबलाच्या टोकाला यजमानांची खुर्ची असे. तिच्यावर कुणी बसायचं नाही, आणि यजमानांनी सुरुवात केल्याशिवाय कुणी काट्याला हात लावायचा नाही. मिसेस रॉड्रिग्ज आमच्या पाठीमागे फिरत राहायच्या, खूण वगैरे काही करायच्या नाहीत. आम्ही त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायचो आणि मग एकाच क्षणी बारा काटे उचलले जायचे. पहिल्या दोन गुरुवारी आम्ही खूप हसलो. तिसऱ्या गुरुवारी कुणी हसलं नाही. चिनीमातीवर सुऱ्या घासल्याचा तेवढा आवाज यायचा. वर्ग संपल्यावर आम्हाला भूकही नसायची. बसमध्ये कुणी शेंगदाण्याची पुडी उघडली तर ती सगळ्यांकडून फिरून तशीच परत जायची.

रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून मी घरी फोन करायचे. त्या रविवारी आईनं आधी बाबांची बातमी दिली. जन्मात स्वतःचं ताट न उचललेला माणूस आता जेवण झालं की ताट घेऊन मागच्या अंगणात जातो आणि घासूनच आणतो. उशिरा का होईना, सुधारले, असं मी म्हटलं. मग तिला आमच्या वर्गाची गंमत सांगितली. आमच्याकडे माणसापुढे रिकामं ताट ठेवत नाहीत, निदान चिमूटभर मीठ तरी आधी वाढतात. त्यामुळे ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. मग तिनं विचारलं, "तुम्ही नाही खात, तर मग ते खातं कोण?"

पुढच्या गुरुवारी आईचा तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. प्लेटीत काही नाही हे दिसत होतं, तरी जेवण संपत आलंय असं हाताला कळत होतं. समोरच्यांचे गळे वरखाली होत होते, ओठ पुसले जात होते. भर दुपारी, बारा माणसांत मला भीती वाटली. मिसेस रॉड्रिग्ज माझ्यामागे थांबल्या आणि म्हणाल्या, आता कशी तू खरंच जेवतेयस असं वाटतं.

इंग्लंडला जाण्याआधी आठ दिवस नागपूरला गेले. बाबा फार बारीक झाले होते. सकाळी फिरायला जातो ना, असं ते म्हणाले. दुपारी तिघं जेवायला बसलो. आईनं भरलं वांगं केलं होतं. बाबांनी पोळी मोडली, रश्शात बुडवली, हात तोंडाशी नेला, चावलं, वांगं छान झालंय म्हणाले, क्रिकेटवर बोलले. सगळं अगदी नेटकं चाललं होतं. मी खायची थांबले. हे असं जेवणं मला येत होतं. घास तोंडापर्यंत जाऊन तसाच ताटात परत येत होता. दाढा हलत होत्या, गळा हलत नव्हता. तेवढं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये हे मला घरीही शिकवलं होतं आणि वर्गातही. मी वाकून बघितलं. सगळं अन्न पोळीखाली नीट सारून ठेवलेलं होतं. आई भात आणायला आत गेली तसं मी बाबांचं मनगट धरलं.

"बाबा, कधीपासून?"

"चार महिने झाले. पातळ असलं की उतरतं. आईला सांगू नकोस, ती जेवणार नाही. तू जाऊन ये, मग बघू."

अन्ननलिकेत गाठ होती. मी इंग्लंडला गेले नाही. दवाखान्यात करण्यासारखं सगळं केलं, पण दिवाळीच्या आत बाबा गेले. आधी कळलं असतं तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

काही वर्षांनी आई माझ्याकडे बंगलोरमध्ये हेब्बाळला राहायला आली. एका दुपारी आम्ही दोघीच जेवत होतो. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. ती सवय मला लागली ती लागलीच. तिच्या ते लक्षात आलं असावं.

"मला माहीत होतं गं," ती म्हणाली. "मागच्या अंगणात कावळे फार यायला लागले होते."

मग बोलली का नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"माझ्यासाठी इतकं छान जेवून दाखवत होते ते. भरल्या ताटावरून माणसाला उठवायचं कसं?"

मी तिच्यावर चिडले आणि तिच्याजवळ बसून रडलेही. घर नागपूर की बंगळुरू, असं मला अजून लोक विचारतात. माझ्या मुलीला मी सांगून ठेवलं आहे की आपल्याकडे एकमेकांच्या ताटात बघायचं, पाहुण्यांदेखत विचारायचं, आणि वेळ आली तर भरल्या ताटावरून उठवायचं. हे जिथे चालतं, ते माझं घर.