राखणदाराचा उजवा खांदा

पन्नाशीनंतर माणसाला काय सुचेल याचा नेम नाही. कुणी बागकामाला लागतं, कुणी जुनी भांडणं उकरून काढतं. दातवाल्यांनी अंतराळातला शिपाई व्हायचं मनावर घेतलं.

दातवाले म्हणजे दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्यावरून कवळी बनवणारा कारागीर वेगळा असतो, तो हा. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. भिंतीवरच्या फळीवर अर्ध्या गावाचे जबडे चिठ्ठ्या लावून मांडलेले, टेबलावर मेण, घासायचं यंत्र, गुलाबी पूड आणि गरम पाण्याचं भांडं. तीस वर्षांत त्यांची एकही कवळी टोचते म्हणून परत आली नव्हती, असं ते सांगत. दोन आल्या होत्या, पण दोन्ही वेळा चूक जबड्याची होती म्हणे.

त्यांच्या तरुणपणी एक मालिका लागायची. विझलेल्या ताऱ्यावरचा किल्ला आणि त्याच्या दारांवर उभे करडे राखणदार, ज्यांना चेहराच नाही. बाकी जग नायकावर फिदा, दातवाले मात्र राखणदारांवर. नायक येतो, भाषण ठोकतो आणि निघून जातो. दार सांभाळतो तो हा, असं त्यांचं म्हणणं. या राखणदारांच्या चाहत्यांची एक पलटण होती. दर वर्षी शनिवार-रविवारी चाहत्यांचा मोठा मेळा भरे, आणि रविवारी बारा वाजता पलटणीचे चाळीस जण पूर्ण पोशाखात, पावलाला पाऊल मिळवून, त्या अवाढव्य हॉलमधून चालत जात. त्या रांगेत एकदा चालायचं, एवढीच दातवाल्यांची इच्छा होती.

पण पलटणीत असं कुणालाही घेत नसत. पोशाखाची तपासणी असे, आणि ती अशी की सासरच्यांनी सुनेची केली नसेल. प्रयत्न एकूण तीन. पहिल्या वर्षी दातवाल्यांचा करडा रंग निळसर निघाला. दुसऱ्या वर्षी बुटांच्या टाचा आड आल्या. यंदाचा तिसरा, म्हणजे शेवटचा.

शनिवारी सकाळी ते मोठी पेटी ओढत मेळ्यात पोचले. दारावर पहारेकरी लोकांच्या फोमच्या तलवारी वाकवून बघत होता. आत पंख लावलेल्या मुली सरबताच्या रांगेत उभ्या होत्या, एक सात फुटी राक्षस मोबाइल चार्ज करायला जागा शोधत होता. दातवाल्यांना हे सगळं फार आवडायचं. इथे कुणी कुणाला वय विचारत नाही.

पलटणीच्या टेबलावर तपासणीच्या बाई बसल्या होत्या. एरवी त्या गाडी चालवायला शिकवायच्या, त्यामुळे आवाज शांत आणि नजर चौफेर. त्यांनी शिरस्त्राण आतून-बाहेरून पाहिलं, टाचा मोजल्या, रंगाची पट्टी छातीला लावून बघितली. "सुंदर," त्या म्हणाल्या. मग त्या दातवाल्यांच्या मागे गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"काका, खांद्याची पाटी डावीकडे का?"

दातवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी निवडला होता आतल्या मनोऱ्याचा, एकाच खांद्यावर चिलखताची पाटी असलेला राखणदार, जो सबंध मालिकेत एकदाच, अर्धं मिनिट आणि तेही पाठमोरा दिसतो. म्हणून पोशाख त्यांनी पलटणीच्या नकाशावरून, म्हणजे पोशाखाच्या आकृतीवरून, बनवला होता. नकाशात पाटी कागदाच्या उजव्या बाजूला होती. आता दातांच्या धंद्यात कागद म्हणजे समोर बसलेला माणूस. कागदावर उजवीकडे दिसतं ते त्याचं डावं. तीस वर्षं हेच करत आलेल्या माणसाने नकाशा बघितला आणि विचारही न करता पाटी डावीकडे नेली. नकाशा पाठमोरा आहे, हे काही त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. पुढून-मागून सारख्याच दिसणाऱ्या शिपायाचा नाद केला की असं होतं.

"माझा धंदाच डावं-उजवं सांगायचा, नाहीतर मलाही कळलं नसतं," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "उद्या दहापर्यंत दुरुस्त करून आणा. ते याच प्रयत्नात धरू."

दातवाले "बरं" म्हणाले, पण मनातून खचले. ही पाटी काही पट्टा सोडून इकडची तिकडे लावायची वस्तू नव्हती. कवळी जशी हिरडीवर बसते तशी ती त्यांनी स्वतःच्या खांद्याचा साचा घेऊन, त्यावर बेतून बनवली होती. डाव्या खांद्याला उजव्या हाताने, आरशात बघत प्लास्टर फासायला चार महिने आणि सात साचे लागले होते. उजव्या खांद्याला डाव्या हाताने फासायचं म्हणजे सगळा आनंदच.

घरी आले तेव्हा दोन वाजले होते. काकू, म्हणजे त्यांची बायको, नुकत्याच सकाळची पाळी करून आल्या होत्या आणि पाय वर घेऊन बसल्या होत्या. काकू इस्पितळात होत्या. कुठल्या विभागात, हे ऐकलं तर कुणीही कपाळाला हात लावेल. त्या प्लास्टरच्या खोलीत होत्या. मोडलेले हात, पाय, खांदे गेली अठ्ठावीस वर्षं त्याच बांधत होत्या, आणि नवे डॉक्टर त्यांच्याकडे बघून शिकत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते दुसरं काय असतं.

पण त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी काकूंनी मागच्या खोलीत डोकावून "काय करताय?" असं विचारलं होतं, आणि दातवाले मान वर न करता म्हणाले होते, "यातलं तुला काही कळणार नाही." त्यानंतर काकूंनी पुन्हा विचारलं नाही. बायकोला हे पोरकट वाटतं, असं दातवाल्यांनी ठरवून टाकलं, आणि ते त्यांना सोयीचंही होतं.

आज मात्र अडला हरी. ते पेटीवरच बसले आणि सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं.

"शर्ट काढा," त्या म्हणाल्या.

"आत्ता? तू दमून आली आहेस."

"दहा मिनिटांचं काम आहे. चार महिने नाही लागत."

त्यांनी खांद्याला व्हॅसलीन लावलं, जुन्या बनियनचा तुकडा ताणून बसवला. प्लास्टरच्या पट्ट्या कोमट पाण्यात बुडवून, अलगद पिळून, एकीवर एक घालत गेल्या आणि तळहाताने सारख्या करत गेल्या. दातवाले बघत राहिले. स्वतः हाताचं काम करणाऱ्याला दुसऱ्याचा हात ओळखू येतो. एवढी वर्षं जेवणाच्या ताटाला लागलेले हे हात त्यांनी कामावर असलेले कधी पाहिलेच नव्हते. त्यांना फार लाज वाटली.

"हलू नका. श्वास घ्या, त्याला बंदी नाही," काकू म्हणाल्या.

साचा एकदम नितळ निघाला. पुढचं काम दातवाल्यांचं होतं, पण काकू उठून गेल्या नाहीत. कवळीचं गुलाबी मिश्रण साच्यावर चढवताना "कडेला जाड होतंय, काखेत रुतेल" असं त्यांनी सांगितलं आणि कड त्यांनीच बोटाने दुमडली. मिश्रण घट्ट झालं, घासलं, करडा रंग चढवला. जेवणाच्या वेळेला पाटी वाळत होती. आतून ती हिरडीसारखी गुलाबी होती, पण आत कोण बघतंय.

रविवारी काकूंची सुट्टी होती. त्या पहिल्यांदाच मेळ्यात आल्या आणि पंखवाल्या मुलीला "थंडी वाजत नाही का गं?" असं विचारून मोकळ्या झाल्या. दहाला दहा मिनिटं कमी असताना तपासणीच्या बाईंनी पाटीवरून हात फिरवला, कडेशी थांबल्या आणि म्हणाल्या, "कालच्यापेक्षा ही कितीतरी चांगली." मग त्यांनी अर्ज पुढे केला. शेवटी छापलं होतं, 'या पोशाखाचा प्रत्येक भाग मी स्वतः, दुसऱ्या कुणाचाही हात न लागता बनवला आहे.'

दातवाल्यांचं पेन थांबलं. काकूंनीही ते वाचलं.

"करा सही," त्या म्हणाल्या. "मागे माणसं खोळंबली आहेत."

त्यांनी सही केली. बाईंनी त्यांच्या छातीवर पलटणीचा बिल्ला लावला, आणि बाराला ते रांगेत चालले. त्याबद्दल खोटं कशाला सांगायचं, ते आयुष्यातल्या फार थोड्या सुखांपैकी एक होतं. शिरस्त्राणातून समोरच्याची पाठ तेवढी दिसत होती, चाळीस बूट एकदम जमिनीवर पडत होते, लोक वाट देत होते. पाटी कुठे रुतली नाही. आपण अंगात काही घातलंय हेसुद्धा जाणवत नव्हतं. दोरीपलीकडे काकू टाळ्या वाजवत होत्या, पण चाळिसांतले आपले कोणते, हे त्यांना कळत नसावं, कारण त्या भलत्याकडेच बघून वाजवत होत्या.

नंतर दोघं हॉलबाहेरच्या बाकावर बसले. दातवाल्यांनी शिरस्त्राण काढून घाम पुसला. काकू त्यांच्या उजव्या खांद्यावरच्या पाटीच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

"एक गंमत सांगू?" त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत मी हजारो प्लास्टरं बांधली असतील. सगळी मीच कापून कचऱ्यात टाकली. लोक त्यासाठीच तर परत येतात. मी केलेलं काही कुणी ठेवून घेतलंय, असं हे पहिलंच."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. बोलून झाल्यावर पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि पुढे केली. दातवाल्यांनी ती घेतली आणि न उघडताच बाकावर ठेवली. आपण मघाशी कशावर सही केली हे त्यांना आता नीट कळलं.

ते उठले. काकू "कुठे?" म्हणाल्या आणि मागोमाग आल्या. टेबलावर बाई अर्ज गोळा करत होत्या.

"माझा अर्ज जरा द्या," दातवाले म्हणाले. "त्यात एक चूक आहे."

सहीच्या वरची ओळ त्यांनी खोडली आणि खाली लिहिलं, 'उजव्या खांद्याचं काम बायकोने केलं.'

बाईंनी वाचलं. "काका, मला हे दिसलंच नाही असं समजा," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतर बिल्ला परत घ्यावा लागेल. आणि पुढचा प्रयत्न नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," दातवाले म्हणाले. त्यांनी स्वतःच बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला. पलटणीतून बाहेर पडल्याचं दुःख त्यांना झालं, आणि ते लपवावं असं काही त्यांना वाटलं नाही.

काकूंनी अर्ज आपल्याकडे ओढला. दोनदा वाचला.

"'बायकोने' काय?" त्या म्हणाल्या. "मला नाव आहे."

दातवाल्यांनी पेन पुन्हा उघडलं, तो शब्द खोडला आणि त्या जागी काकूंचं नाव लिहिलं, आडनावासकट.