हौदातली वांब

नदीत फिरताना मासा मागे डीएनए सोडतो, कातडीवरच्या बुळबुळीतून, विष्ठेतून. पाणी गाळून तपासलं की मासा न धरता तो तिथे आहे का ते कळतं. नांदेडच्या कॉलेजात मी हे शिकवते. उन्हाळ्यात इस्लापूरजवळच्या माझ्या माहेरी नमुने घ्यायला गेले, ते वांबीसाठी, त्या सापासारख्या लांब माशासाठी. आमच्या डोहातली वांब संपली असं गाव म्हणायचं. माझे वडील, अप्पा, एकटेच म्हणायचे, "हाय." आटत्या डोहात सापडलेली एक वांब त्यांनी दोन वर्षं घरच्या हौदात जगवली होती.

निकाल आला: डोहात वांब आहे. पण ती कोऱ्या बाटलीतही निघाली. त्या बाटलीत मी डोहावर, पडताळणीसाठी, प्रयोगशाळेतून नेलेलं शुद्ध पाणी भरलं होतं. तिच्यात काहीच निघायला नको होतं. मी फोन लावला.

"अप्पा, बाटल्यांना हात लावला होता?"

"धुऊन ठेवल्या की. तू चहा पिऊन राहिली होतीस तवा. दवाखान्याचा वास येत होता."

"कुठे धुतल्या?"

"हौदावर. बिनधुतल्या भांड्यात कोन पानी भरतंय माय?"

आमच्याकडे पाहुण्याला स्वच्छ तांब्यासुद्धा पुन्हा विसळून देतात. मी सांगितलं, निकाल बाद.

"मग डोहातली?"

"माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वांब बादलीत घेतली आणि डोहात सोडून आले. मी चिडले. आता काही निघालं तरी ते कोणाचं, कसं कळणार?

"एकटी किती दिस ठेवू तिला?" ते म्हणाले. "तिचं कोनीतरी आसंल तिथं."

पावसाळा सरल्यावर मी पुन्हा पाणी आणलं. बाटल्या डोहापर्यंत गाडीतून काढल्याच नाहीत. तोवर अप्पा नांदेडच्या दवाखान्यात होते आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता उपाय नाही, त्यांना घरी न्या.

निकाल: वांब नाही. त्यांनी सोडलेल्या वांबीचाही अंश नाही. अहवालात तसंच लिहिलं आणि दवाखान्यात गेले.

"हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय, अप्पा."

खोटं बोलायची मला सवय नाही. ते माझ्याकडे बघत राहिले.

"बाटल्या कोन धुतल्या?"

"कोणीच नाही."

"बरं," म्हणाले, आणि भिंतीकडे कूस वळवली.