सेनेनचा खर्ज

सेनेन आजाराचं सोंग करतो, ही बातमी आमच्या दरीत एर्मिनियाच्या गुत्त्यात जन्मली. एर्मिनिया सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली डोक्याच्या वर धरायची, पेला मांडीशी, आणि धार पेल्यात पडेपर्यंत एखाद्याची अब्रू काढून मोकळी व्हायची.

"मला सांगा," ती त्या दिवशी म्हणाली, "ज्याला पाच पायऱ्या चढता येत नाहीत, तो सांता बार्बाराच्या सणाला देवळात उभा राहून खर्ज कसा लावतो?"

"फुफ्फुसं घरी ठेवून येत असेल," कुणीतरी म्हणालं, आणि सगळा गुत्ता हसला. मीही हसलो. विनोद चांगला होता.

आता आस्तुरियासमधल्या आमच्या खाणींत नाव बदनाम कोळशाचं. माणसं मारतो तो दगड. कोळशापर्यंत पोचायला आधी दगडातून वाट काढावी लागते. सेनेननं उभी जवानी त्या वाटा काढल्या, कोरड्या ड्रिलनं, पांढऱ्या धुळीत. संध्याकाळी पाळी सुटली की आम्ही काळे बाहेर यायचो आणि हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. पोरी त्याला 'पाववाला' म्हणायच्या. त्यातलीच एक ओल्विदो. तिनं पुढे त्याच्याशी लग्न केलं.

धुळीच्या आजाराला आमच्याकडे दर्जे असत. पहिला, दुसरा आणि तिसरा. सेनेनला दुसरा मिळाला होता, हवा होता तिसरा. स्वतःसाठी नव्हे. तिसऱ्या दर्जाचा माणूस मेला, की तो धुळीनंच मेला असं सरकार मुकाट्यानं मानायचं आणि बायकोला पेन्शन लागू व्हायची. दुसऱ्या दर्जाचा मेला, तर बायकोनं ते सिद्ध करायचं. म्हणजे नवरा फाडायला द्यायचा.

"मला फाडताना हिला दाराबाहेर बाकावर बसावं लागू नये," तो मला म्हणायचा. "बाकी काही नाही."

पण तपासणी समितीच्या यंत्रात फुंकलं, की काटा मेला बऱ्यापैकी वर जायचा. आणि इकडे याचे ओठ जांभळे, पाय सुजून बुटात जाईनात, म्हणून बारा महिने सपाता. शेवटी शहरातल्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरनं त्याच्या दंडातून थेट काळजापर्यंत बारीक नळी सरकवली. फुंक बरी दिसते, पण फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या धुळीनं आवळून टाकल्यात. त्यांत रक्त रेटता रेटता हृदयाची उजवी बाजू फुगली आहे, असं तो म्हणाला.

"थोडक्यात, फुफ्फुसं पास आणि काळीज नापास," सेनेननं गुत्त्यात जाहीर केलं.

"काळीज तर तू ओल्विदोला कधीच देऊन टाकलंस," एर्मिनिया म्हणाली. "नळी भलत्याच कुणाच्यात घातली वाटतं."

तो अहवाल घेऊन आम्ही पुन्हा समितीपुढे गेलो. एका दंडाला ओल्विदो, दुसऱ्याला मी. देवळातल्या गायकमंडळीतही मी त्याच्या शेजारीच उभा राहायचो, म्हणून हा मान माझा. ओल्विदो दर कार्यक्रमाला पुढच्या बाकावर बसून बायकांना सांगायची, "सगळ्यांच्या खालून तो गुरगुरतो ना, तो माझा." नवऱ्याबद्दल मिरवण्यासारखं तिच्याकडे आता तेवढंच उरलं होतं.

समितीच्या डॉक्टरांनी अहवाल वाचला. सावकाश, दोनदा. मला वाटलं, झालं काम. मग त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही देवळात गाता असं आमच्या कानावर आलंय. खर्ज लावता. खरं आहे?"

गुत्त्यातली धार शहरापर्यंत पोचली होती. मी सेनेनच्या बरगडीत कोपर मारलं. त्यानं सपातेनं माझा पाय दाबला आणि दाबूनच ठेवला. ओल्विदो त्याच्याकडे बघत होती.

"गातो," तो म्हणाला.

"नुसतं गातो काय, डॉक्टरसाहेब," ओल्विदो म्हणाली, "खांब थरथरतात देवळाचे."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला. दर्जा दुसराच राहिला.

सेनेन त्याच हिवाळ्यात गेला, खुर्चीत बसल्या बसल्या. आडवं झालं की गुदमरायचा, म्हणून पलंग त्यानं खाणवाल्यांच्या त्या सांता बार्बाराच्या सणापासूनच सोडला होता. ओल्विदोनं परवानगीच्या कागदावर सही केली आणि दाराबाहेर बाकावर बसली, शेजारी मी. आत सुरी करकरत होती. दगडावर विळी घासावी तशी. पेन्शन मिळाली. तो आवाज तिनं ऐकला का, हे विचारायची एर्मिनियाचीसुद्धा हिंमत झाली नाही.

मातीला गायकमंडळी आली, गायली. ओल्विदो माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ऐकलंस ना? खाली कसं रिकामं वाटतंय."

"हो," मी म्हणालो.

सेनेन कित्येक वर्षं गात नव्हता. श्वासच पुरत नव्हता. तिच्यासाठी तो रांगेत उभा राहायचा आणि नुसतं तोंड उघडायचा. तिला ऐकू यायचा तो खर्ज माझा होता. मातीच्या दिवशी मी गायलो नाही.