सुकदेवची दोन बोटं

सुकदेवची दोन बोटं कशी गेली ते मी आजवर खूप जणांना सांगितलं. पण दरवेळी एक गोष्ट गाळून. ती बायकोलासुद्धा माहीत नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. माझं मलाही कळत नाही.

ऐंशी सालच्या आसपास अंबडला नवे कारखाने उभे राहत होते, तेव्हा आम्ही दोघं एकाच कंपनीत लागलो. मी स्टोअरला. तो चांदवडकडचा, फिटर — पत्र्यावर नुसतं बोट फिरवून कुठे खरबरीत राहिलंय ते सांगायचा. रविवारी गंगापूर धरणावर गळ टाकायचा नाद दोघांनाही होता, पण मासे लागायचे त्यालाच. मी मोठ्या ऐटीत मुंबईहून रीळवाला रॉड आणला. तो हसला. "मासा हाताला कळला पाह्यजे, गड्या." नायलॉनची दोरी तळहाताला दोन वेढे दिली की त्याचं भागायचं. घरी निघताना आपल्यातले दोन मासे माझ्या रिकाम्या पिशवीत टाकायचा. प्रेमानं हो. आणि मला त्या दोन माशांचा राग यायचा.

सुरमईचं खूळ माझंच. समुद्रातला मासा, भयंकर वेगाचा — तिथे तरी बरोबरीनं सुरुवात होईल, असा माझा हिशोब. रजा टाकून डहाणूला गेलो, एका कोळ्याची होडी ठरवली. सुकदेव चहाला गेला होता, तेव्हा कोळ्यानं मला बजावलं — दोरी हाताला गुंडाळायची नाही, सुरमई पळाली की बोटं घेऊन जाते, जोडीदारालाही सांगा. मी म्हटलं, सांगतो.

नाही सांगितलं.

विसरलो? छे. होडीत सुकदेव पुढे बसला, कोळ्याकडे पाठ करून, आणि धरणावर द्यायचा तसेच दोन वेढे त्यानं दिले. मी शेजारीच होतो. बघत होतो. मनात एवढंच — आज बसू दे एक हिसका, एक तरी मासा सुटू दे याच्या हातून, माझ्यासमोर. त्याची बोटं जावीत असं वाटत होतं का? नव्हतं. पण कोळी 'बोटं' असंच म्हणाला होता, आणि मी ते नीट ऐकलं होतं.

मासा लागला. आणि सुटलाही. मला हवं होतं ते झालं.

मी सदरा फाडून त्याचा हात बांधला, दवाखाना येईपर्यंत वर धरून ठेवला. उजव्या हाताची दोन बोटं गेली — पत्र्यावर फिरायची, तीच. कंपनीनं काढलं नाही, गेटवर बसवलं. ट्रक आला की फाटक उघडायचं. धरणावर तो पुन्हा आला नाही.

तो मात्र सगळ्यांना सांगत सुटला — हा होता म्हणून हात तरी वाचला. त्याची बायको, शांतावहिनी, दर भाऊबीजेला मला ओवाळायची. मी पाटावर बसायचो. बसवत नव्हतं, तरी बसायचो.

ते दशक संपता संपता सुकदेव काविळीनं गेला. त्याआधी भेटायला गेलो, तर आपल्या हाताकडे बघत पडला होता. म्हणाला, "लय येडेपणा केला मी. तुला ठावं असतं, तर तू सांगितलंच असतं."

मी त्याचा तोच हात हातात घेतला. म्हटलं, "सांगितलंच असतं."