कांडीचं दुखणं आणि आमचे बारा लूम

लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक उडणारी रुई आणि दुसरे किस्से. बारा लूम चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे किस्से साठत राहतात आणि लाईट गेली रे गेली की सगळे एकदम बाहेर पडतात. आमचा कारखाना बुऱ्हाणपुरात, बुधवारा मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, या खडखडाटात माणसं एकमेकांना काय कळणार? आता सांगते, एकमेकांना इतकी ओळखणारी माणसं अख्ख्या गावात नाहीत. आणि हे मी मालकीण म्हणून सांगत नाहीये.

*

भास्कर मिस्त्री आमचे लूम दुरुस्त करतात. चाळीस वर्षं या आवाजात राहून त्यांचे कान जवळजवळ गेलेत, समोरच्याचे ओठ बघून त्यांना कळतं. शकीला आपा कांड्या भरतात, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळतात. दोघांचं एक मिनिट पटत नाही. भांडण अर्थातच हातवाऱ्यांनी चालतं.

एकदा ऐन रंगात लाईट गेली. सगळं चिडीचूप. मिस्त्रींचे हात मात्र चालूच.

"लाइट गई मिस्त्रीजी, अब मुँह से बोलो," आपा म्हणाल्या.

"तोंडानं बोलण्याइतकं मोठं भांडण नव्हतं ते," असं म्हणून मिस्त्री चहा प्यायला निघून गेले.

*

कांडी म्हणजे आमची मांजर. कांड्यांच्या टोपलीत सापडली म्हणून कांडी. बारा लूमच्या आवाजात ती ढाराढूर झोपते आणि लाईट गेली की शांततेनं दचकून उठते. तिची हक्काची जागा सुताच्या फळीवर, खालून एका उडीत वर.

मागच्या थंडीत ती आधी पोत्यावर, मग स्टुलावर आणि मग जरा विचार करून फळीवर जायला लागली. पुढे तेही सोडलं, खालीच बसायची. दिवसभर अंग चाटून चकचकीत राहणारी ती, पण पाठीवरचे केस गुंतून गेले होते.

मी म्हटलं, "वय झालं असेल."

"सहा वर्षांत वय झालं?" मिस्त्री म्हणाले. "मग मले तर तुम्ही केव्हाच भंगारात द्यायला पाहिजे होतं, वहिनी."

सगळे हसले, मीही हसले. लक्ष तेव्हाच द्यायला हवं होतं. ते दिलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

*

मग एक दिवस आमच्या ह्यांनी तिला कमरेतून उचललं आणि ती कडकडून चावली. हेही हल्ली जरा तापटच झालेले. इंजेक्शन घेऊन आले आणि जाहीर केलं, "शुक्रवारी कारखाना बंद असतो. पिशवीत घालून जैनाबादला सोडून येतो."

तापीपलीकडे सोडलेलं मांजर परत येत नाही, असं आमच्याकडे सगळे मानतात. बिघडलेल्या मांजराला तोच रस्ता. मी रडकुंडीला आले तेव्हा म्हणाले, "बरं, हा नाही, पुढचा शुक्रवार. तोवर बघ तुझं काय ते."

आपा कांडी भरता भरता म्हणाल्या, "सेठ, काटनेवालों को नदी पार भेजोगे तो पूरा मोहल्ला खाली हो जाएगा."

*

माझ्याकडे एकच मुद्दा होता. मांडीवर घेतलं की कांडी घुर्रघुर्र करते, म्हणजे खुशीत आहे.

"खुशीत असून चावते, म्हणजे खोडच आहे," हे म्हणाले. झालं, माझा मुद्दा माझ्यावरच उलटला.

तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी कांडीचा तो आवाज आयुष्यात ऐकलेला नाही. मोटरवर ठेवतात तसा त्यांनी तळहात तिच्या बरगड्यांवर हळूच ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

"शेठ, हे खुशीचं नाही. सहा वर्षांपासून हात लावून राहिलो मी. खुशीत असली की सैल चालते, थांबून थांबून. हे एकसारखं आहे, घट्ट. लोड आला की मोटर अशी थरथरते. आन् डोळे बघा, अर्धे मिटलेले. कान बाजूला पडलेत. हिला दुखून राहिलंय."

ज्यांना कान होते ते आम्ही सगळे फसलो होतो.

*

शनवाऱ्याजवळ जनावरांच्या डॉक्टर मॅडम आहेत. त्यांच्या टेबलावर कांडी दगडासारखी बसून राहिली. दाबून पाहिलं तरी हूं नाही की चूं नाही. एक्स-रे, रक्त, लघवी, सगळं नॉर्मल.

"म्हणजे नाटक," हे म्हणाले.

"काही सापडलं नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं," मॅडम म्हणाल्या. "मांजर दुखणं लपवतं. अनोळखी जागेत तर जास्तच."

मी पर्समधून घरची तापाची गोळी काढली आणि विचारलं, यातली अर्धी देऊ का? मॅडमनी ती माझ्या हातातून काढूनच घेतली. "एवढ्यानं मांजर मरतं. माणसाची एकही गोळी द्यायची नाही." आदल्या दिवशी मी ती खव्यात घालून पुढे केली होती. कांडीनं तोंड फिरवलं म्हणून वाचली.

मिस्त्री मागे उभे होते. म्हणाले, "मॅडम, बंद लूममध्ये फॉल्ट सापडत नाही. चालू असताना बघावं लागते."

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "चालू असतानाचा व्हिडिओ आणा."

*

आपांनी कारखान्याच्या भिंतीवर खडूनं रकाने पाडले. खाल्लं का? चढली का? अंग चाटलं का? हात लावल्यावर काय केलं? ज्याला दिसेल त्यानं लिहायचं. मी मोबाईलवर व्हिडिओ काढले. त्यात दिसलं, कांडीच्या पाठीची कातडी मधेच लहरते, ती गर्रकन वळून कमरेकडे बघते आणि पळत सुटते.

"कमरेपाशी दुखतंय," मॅडम म्हणाल्या. "कशामुळे, ते मला आज सांगता येत नाही." त्यांनी मांजराला चालणारं दुखण्यावरचं औषध दिलं, थेंब मोजून, पाच दिवस. आराम पडला तर दुखत होतं हे नक्की.

बसायला ऊबदार पोतं द्यावं, खायचं बदलावं, असं माझ्या मनात बरंच होतं. मिस्त्रींनी अडवलं. "एका टायमाला एकच चीज बदला, वहिनी. नाहीतर कशानं चाललं ते समजणार नाही."

तिसऱ्या दिवशी तिनं अंग चाटलं. पाचव्या दिवशी पोत्यावर चढली. आपांनी भिंतीवर 'चढ़ी' हे एवढं मोठं लिहिलं की दुसऱ्या दिवसाला जागाच उरली नाही!

ठरलेल्या शुक्रवारी सकाळी ह्यांनी पिशवी काढली. तासाभरानं परत आले ते पिशवीत लाकडाचे तुकडे घेऊन. त्यांनी सुताच्या फळीपर्यंत तीन पायऱ्या ठोकल्या. ठोकताना मधे दोनदा बसले.

कारण अजून सापडलेलं नाही. औषध कधी कमी, कधी जास्त, मॅडम सांगतील तसं. तिला कमरेतून मात्र आता कोणी उचलत नाही.

*

आता शेवटचा किस्सा. पुढच्या आठवड्यात मी भिंतीपाशी गेले तर कांडीच्या रकान्यांशेजारी एक नवा रकाना होता. वर नाव नाही. अक्षर मिस्त्रींचं, तिरपं. चार दिवसांचं लिहिलेलं.

'स्टुलावरून उठताना दोन्ही हात टेकले.'

'सुताची गोणी उचलायला दुसऱ्याला बोलावलं.'

'विचारलं तर खेकसले.'

'डबा अर्धा परत.'

मी वाचत होते तेवढ्यात हे माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनीही वाचलं. बाराही लूम चालू होते, त्यामुळे कोणी काही बोलण्याचा प्रश्न नव्हता. मिस्त्री आणि आपा माना खाली घालून आपापल्या कामात होते, एकमेकांशी न भांडता.

ह्यांनी खडू उचलला आणि त्या दिवसाच्या ओळीत लिहिलं, 'कंबर. दोन वर्षं झाली.'