हात कधी पुढे करायचा

डायव्हिंग सेंटरमध्ये त्याला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी शटर वर गेलं की सुरू, ते शटर खाली येईपर्यंत. काम मागच्या पत्र्याच्या खोलीत, कॉम्प्रेसरवर हवेचे सिलिंडर भरायचं. त्या यंत्राच्या घरघरीवरून बोलायची सवय लागल्यामुळे त्याचा आवाज घरीही एक पट्टी वरच असे. बायको म्हणायची, "तू पाण्याखाली गेलास की मला तासभर सुट्टी."

पाण्याखाली तो पहिल्यांदा गेला एकतिसाव्या वर्षी. तोवर आठ वर्षं इतरांसाठी सिलिंडर भरून झाले होते, पण स्वतः त्यातून एक श्वास घेतला नव्हता. सेंटरचे सगळ्यात जुने प्रशिक्षक, थोरले सर, एका रिकाम्या दुपारी म्हणाले, "जगाला हवा पुरवतोस, स्वतः कधी चाखलीस का रे?"

सेंटरच्या पोहण्याच्या तलावाच्या तळाशी, तीन मीटर खाली, गुडघ्यांवर बसून त्यानं पहिला श्वास घेतला. हवा कोरडी, थोडी रबराच्या चवीची. श्वास सोडला की कानाशी कुणी भांडी विसळतंय असा आवाज. आणि बोलावंसं वाटलं नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच.

मग मास्कची पाळी आली. खालीच मास्क काढायचा, परत लावायचा, वरची कड कपाळाशी दाबून नाकानं श्वास सोडायचा. आतलं पाणी खालून निघून जातं. डायव्हिंगमधला हा बालवाडीचा धडा, आणि निम्मे लोक इथंच गळपटतात. त्याच्या नाकात पाणी शिरलं आणि त्याला फक्त वर जायचं होतं. तेवढ्यात खांद्यावर सरांचा हात आला. घट्ट नाही, नुसता ठेवलेला. तो थांबला, मास्क लावला, पाणी काढलं. शिकवणं म्हणजे हा हात, अशी त्यानं त्या दिवशी मनाशी खूणगाठ बांधली. पुढे प्रशिक्षक व्हायला निघाला तेव्हा तीच त्याच्या मुळावर आली.

परीक्षेत तो दोनदा नापास झाला, दोन्ही वेळा एकाच कारणानं. शिकणाऱ्याची भुवई जरा वाकडी झाली की याचा हात पोचलेला. मास्क हाच सरळ करून देणार, पट्टा हाच ओढणार. परीक्षक बाई कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

"तुमचे विद्यार्थी धडा पुरा करतात, पण त्यांना येत काहीच नाही," त्या म्हणाल्या. "हात पोचेल एवढं जवळ राहा. लावू नका."

"आणि गडबडले तर, मॅडम?"

"गडबडू देत. गडबडणं वेगळं, घाबरणं वेगळं."

"ते ओळखायचं कसं?"

"ओळखू येतं." याहून जास्त त्यांनाही सांगता आलं नाही.

तिसरी परीक्षा शेवटची होती. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, या खेपेला जमलं नाही तर पुन्हा नाव पाठवणार नाही. प्रशिक्षक बाहेरून आणू, तू आपला कॉम्प्रेसर सांभाळ. सेंटरची रीत अशी की शेवटचा धडा खऱ्याखुऱ्या नवशिक्याला द्यायचा. त्याच्या वाट्याला आल्या पन्नाशीच्या एक दातांच्या डॉक्टर. काठावर त्यानं त्यांना वीस मिनिटं समजावलं.

"माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांचे हाल आज कळले," त्या म्हणाल्या. "आपलं तोंड बंद, आणि समोरचा अखंड बोलतोय."

"खाली मी गप्प असतो, डॉक्टर."

"बघू या."

हातांचा बंदोबस्त त्यानं स्वतःच केला. कमरेला वजनाचा पट्टा असतो, त्यात दोन्ही अंगठे घट्ट खोवले.

तळाशी गुडघ्यांवर बसून डॉक्टरांनी मास्क काढला. डोळे मिटलेले, बुडबुडे नियमित. परत लावला, पण केसांची एक बट कडेखाली अडकली आणि पाणी पुन्हा भरलं. त्यांचे खांदे वर गेले. ही गडबड, त्यानं मनाशी म्हटलं. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. बुडबुडे थांबले. हीही गडबडच का? अंगठे पट्ट्यातून निघेपर्यंत डॉक्टरांनी तळाला लाथ मारली होती. त्याच्या बोटांना त्यांची टाच तेवढी निसटती लागली.

तीन मीटर म्हणजे घराच्या छताएवढी उंची. पण सिलिंडरची हवा छातीत कोंडून माणूस तेवढाच वर आला तरी फुप्फुस फाटू शकतं. तो मागोमाग वर आला तेव्हा डॉक्टर काठ धरून खोकत होत्या. "श्वास घ्या, श्वास घ्या," एवढंच तो म्हणत राहिला, आणि त्या तर घेतच होत्या.

हॉस्पिटलात तपासणी झाली, छाती ठीक निघाली. निकाल बाईंनी संध्याकाळी सांगितला.

"मागे हात लवकर गेला. आज उशिरा."

"तुम्हीच म्हणाला होतात, लावू नका."

"म्हणाले होते," बाई म्हणाल्या. "बांधून ठेवा असं नव्हतं म्हटलं."

चार दिवसांनी डॉक्टर राहिलेला धडा पुरा करायला आल्या. त्याला बघून त्यांनीच विषय काढला. "राग मानू नका. आज दुसऱ्या सरांबरोबर उतरते."

"त्यात राग कसला. सिलिंडर मीच भरलाय, बघून घेतलाय."

काम नव्हतं तरी तो काठावर येऊन बसला. शेजारच्या बाकावर परीक्षक बाई कागद भरत होत्या. इतरांच्या परीक्षा अजून चालू होत्या. छपराचे दिवे पाण्यावर पडले होते, खालचं काही दिसत नव्हतं. दिसत होते बुडबुड्यांचे दोन झुबके. उजवीकडचा डॉक्टरांचा. येत होता, विरत होता, पुन्हा येत होता. मग आला नाही. तो उठून उभा राहिला. पायात चपला, अंगात तेलकट शर्ट.

"बसा," कागदावरची नजर न हलवता बाई म्हणाल्या. "त्यांचे सर आहेत खाली."

बुडबुडे आले. तो उभाच राहिला.